आर्टिचोक आणि कार्डून: करडईच्या भावकीतल्या या काटेरी झाडाचं नेमकं खायचं काय?

नाशिकमध्ये कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या कुठल्याही कॅफेत पिझ्झाचा मेनू उघडा, ऑलिव्ह आणि हॅलापिनोच्या शेजारी आर्टिचोक दिसतंच आता. सुपरमार्केटात त्याच्या बरण्या असतात, मोबाईलवर कुणी ना कुणी त्याच्या कॅप्सूल 'लिव्हर साफ करायला' म्हणून विकत असतं आणि शेतीच्या व्हिडिओत तेच झाड एकरी लाखोंचं पीक म्हणून फिरत असतं. त्यामुळे प्रश्नही तिन्ही बाजूंनी येतात, हे फळ आहे का भाजी, औषध आहे का, आणि आपल्याकडे लावलं तर येईल का. जरा सविस्तरच सांगतो, कारण या झाडाबद्दल अर्धवट माहिती फार फिरते आणि त्यात काही जण पैसे घालवतात, काही जण तब्येत.

एक गोष्ट आधी पकडून ठेवा म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. हे झाड मुळात काटेरी रानटी झाड आहे आणि जनावरांच्या तोंडातून आपलं फूल वाचवायचं हे त्याचं मोठं काम. काटे त्यासाठीच, कडूपणा त्यासाठीच, कळीवरची जाड पानंही त्यासाठीच. आणि माणूस खातो ती नेमकी तीच कळी, उमलायच्या आधी तोडलेली.

आधी झाड ओळखू

मूळ गाव भूमध्य समुद्राच्या काठचं, म्हणजे दक्षिण युरोप आणि उत्तर आफ्रिका. शास्त्रीय नाव सिनारा कार्डनक्युलस. घराणं सूर्यफुलाचं, ज्यात आपली शेवंती, झेंडू आणि करडई येते. त्यातही करडई जास्त जवळची, दोघी एकाच पोटशाखेतल्या. करडईची कोवळी पानं आपण काटे धरायच्या आत खुडून भाजी करतो, तिचं फूल वाळल्यावर हात घालून बघा म्हणजे कळेल ही कसली भावकी आहे ते. करडईसारखंच या झाडाच्या बियांतही तेल असतं, साधारण पाव हिस्सा.

झाड कमरेपासून पार डोक्यापर्यंत वाढतं, पानं लांब, कातरलेली, वरून राखाडी हिरवी आणि खालून पांढुरकी. एकदा लावलं की काही वर्षं टिकतं, वरचा भाग वाळला तरी खालच्या गड्ड्यातून परत फुटवे येतात. मधल्या दांड्याच्या टोकाला सगळ्यात मोठी कळी, तिच्या खालच्या फांद्यांवर लहान लहान कळ्या. दुकानात 'बेबी आर्टिचोक' म्हणून मिळतात त्या या खालच्या फांद्यांवरच्या, वयानं कमी वगैरे काही नसतात, जागाच तशी असते त्यांची. तोडायची राहिली तर कळी उमलते आणि झक्क निळं-जांभळं फूल होतं, पण मग ते खायच्या कामाचं राहत नाही.

मग कार्डून म्हणतात ते काय?

तेच झाड. जात एकच, फक्त माणसांनी दोन वेगळ्या गोष्टींसाठी निवडत निवडत वाढवलं. रानटी झाडातून काही ठिकाणी लोकांनी मोठ्या आणि मांसल कळीची झाडं पिढ्यानपिढ्या ठेवली, त्याचं झालं आर्टिचोक. दुसरीकडे जाड दांड्यांची निवडली, त्याचं झालं कार्डून. कार्डूनची कळी बारकी आणि काटेरी असते, तिच्या मागे कुणी लागत नाही, खातात ते पानांचे देठ.

हे देठ असेच काढले तर कडूजहर लागतात. म्हणून काढणीच्या आधी तीन-चार आठवडे पानं एकत्र बांधून कागदानं किंवा मातीनं झाकतात, उजेड तुटला की देठ पांढरे पडतात, कोवळे होतात आणि कडूपणा उतरतो. उत्तर इटलीत निझ्झा मॉनफेरातो गावाकडचे शेतकरी तर पूर्ण झाड वाकवून मातीत पुरतात, झाड उजेडाकडे वर यायला बघतं आणि त्या धडपडीत देठाला कुबड येतं. त्यालाच तिथे 'कुबडा कार्डून' म्हणतात आणि तो एवढा कोवळा असतो की लसूण, खारवलेले मासे आणि ऑलिव्ह तेलाच्या गरम चटणीत बुडवून कच्चा खातात. स्पेनमध्ये हीच भाजी बदामाच्या रश्श्यात शिजवून ख्रिसमसला होते. मला स्वतःला या दोघांत कार्डूनचं जास्त कौतुक वाटतं, कारण एवढ्या कडू झाडाला खाण्यालायक करायला नुसता अंधार पुरतो हे शोधून काढायला शेतात बारीक नजर लागते.

नावाच्या गोंधळातून अजून एक, 'जेरुसलेम आर्टिचोक' म्हणून जो आल्यासारखा दिसणारा कंद मिळतो त्याचा याच्याशी भाजी म्हणून काही संबंध नाही, तो सूर्यफुलाच्या एका जातीचा कंद आहे.

खायचं कुठलं आणि फेकायचं कुठलं?

लोक अडकतात ते इथे. कळीच्या बाहेर एकावर एक बसलेली जाड हिरवी पानं दिसतात त्यांना छद म्हणतात, म्हणजे फुलाला बाहेरून झाकणारी पानं. प्रत्येक छदाच्या बुडाशी बोटभर जागेत गर असतो, बाकी नुसता धागा. हे खायची पद्धत आपल्याला शिकवायला नको, शेवग्याची शेंग खातो तसंच, दातात धरून गर ओढून घ्यायचा आणि चोथा ताटाच्या कडेला. बाहेरचे छद कडक असतात, आत जाल तसा गर वाढत जातो.

छद संपले की मध्ये केसांचा झुबका लागतो. हे केस म्हणजे खरं तर शेकडो बारीक फुलं, अजून न उमललेली, सूर्यफुलाच्या मधल्या चकतीत असतात तशीच, कारण घराणंच ते. मोठ्या कळीतले हे केस खायचे नाहीत, घशात अडकतात. चमच्यानं खरवडून काढले की खाली वाटीसारखा मऊ गाभा उरतो, त्याला इंग्रजीत हार्ट म्हणतात, बरणीत आणि पिझ्झावर येतो तो हा गाभा आणि त्याच्या भोवतीचे कोवळे छद. चव सांगायची तर किंचित कडसर, किंचित गोड, पोत उकडलेल्या बटाट्याच्या जवळ जाणारा.

'एवढे पैसे देऊन निम्मं फेकायचं?' असं कुणी म्हणेल तर खरंय, निम्म्याहून जास्तच जातं. म्हणून ताजी कळी घेताना बघून घ्या. हातात जड लागली पाहिजे, छद घट्ट मिटलेले पाहिजेत आणि दाबल्यावर कर्र असा बारीक आवाज आला पाहिजे, तो आवाज म्हणजे आत पाणी आहे. छद सुटून बाहेर वळले असतील तर कळी जून झाली, तिथेच ठेवा. घरी आणल्यावर मिठाच्या पाण्यात जरा वेळ उलटी बुडवून ठेवा, छदांच्या फटीत मावा दडून बसतो. मग देठ आणि वरचा अंगठाभर शेंडा कापायचा, छदांची काटेरी टोकं कात्रीनं छाटायची आणि उकडायचं. मधला एक छद ओढल्यावर सहज हातात आला की शिजलं, हीच परीक्षा, मिनिटं मोजत बसायची गरज नाही. रोममध्ये ज्यू वस्तीतले लोक पूर्ण कळी तेलात दोनदा तळतात, पानं कुरकुरीत होऊन उघडतात, आणि त्यासाठी ते कोवळ्या, बिनकाट्याच्या, आत केस जवळपास नसलेल्या कळ्याच घेतात.

बरणीतलं वापरत असाल तर एक करा, मिठाच्या पाण्यातलं असेल तर धुवून घ्या, मीठ फार असतं. आणि घरी लोणच्यासारखं तेलात बुडवून बाहेर मुरवत ठेवू नका, हे अगदी कळकळीनं सांगतोय. आपल्या लोणच्याला कैरीची आणि लिंबाची आंबटाई असते, हिच्यात ती नाही, आणि आंबटपणा नसलेली भाजी हवाबंद तेलात राहिली की बोट्युलिझम नावाची जीवघेणी विषबाधा करणारे जंतू वाढू शकतात, वासावरून कळतसुद्धा नाही.

चिरल्यावर काळं पडतं आणि खाल्ल्यावर पाणी गोड लागतं, हे काय?

वांगं चिरल्यावर काळं पडतं त्याचंच हे कारण. पेशी फुटल्या की आतले फिनॉल नावाचे पदार्थ हवेतल्या ऑक्सिजनशी लागतात आणि रंग बदलतो, या भाजीत ते भरपूर असल्यामुळे दोन मिनिटांत तपकिरी होते. चिरता चिरता लिंबाच्या पाण्यात टाकत जा, आंबटामुळे ती क्रिया मंदावते. लोखंडी कढई आणि अॅल्युमिनियमचं भांडं टाळा, स्टील बरं, नाहीतर भाजीच करडी पडते.

गोड लागण्याची गोष्ट जास्त भारी आहे. आर्टिचोक खाऊन साधं पाणी प्यायलं तर बऱ्याच लोकांना ते साखर घातल्यासारखं लागतं. पाण्यात काही नसतं, बदल जिभेवर होतो. लिंडा बार्टोशुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली यावर प्रयोग करून दाखवलं की आर्टिचोकमधले सायनारिन आणि क्लोरोजेनिक आम्ल हे पदार्थ यामागे आहेत, आणि हेही दिसलं की सगळ्यांना हा अनुभव येत नाही. समजूत अशी की हे पदार्थ जिभेवरच्या गोड ओळखणाऱ्या जागा थोडा वेळ दाबून धरतात, पाण्याच्या घोटानं ते धुतले गेले की त्या जागा एकदम मोकळ्या होतात आणि मेंदूला वाटतं गोड आलं. नाशिकच्या वायनरीत जेवायला जाणाऱ्यांना हे माहीत असावं, या भाजीवर वाइन प्यायली की ती विनाकारण गोडसर लागते, त्यात वाइनचा दोष नसतो.

कडूपणाला जबाबदार पदार्थ वेगळा, त्याचं नाव सायनारोपिक्रिन. तो पानांत सगळ्यात जास्त, कळीच्या गाभ्यात अगदी कमी, म्हणून तर गाभा खाता येतो आणि पान तोंडात धरवत नाही. इटलीत पानांचा हाच कडूपणा घालून सिनार नावाची दारू करतात, १९५२ पासून.

फुलानं दूध जमतं

हा भाग आपल्याकडे कुणी सांगत नाही म्हणून थोडं थांबतो. चीज करायचं म्हणजे दूध जमवायला रेनेट लागतं, आणि पारंपरिक रेनेट वासराच्या पोटातून काढलेलं असतं. आपल्याकडे कितीतरी शाकाहारी घरांत परदेशी चीज घेताना याच कारणानं हात मागे येतो. पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये मात्र शेकडो वर्षं हे काम कार्डूनचं फूल करतंय. फुलातले जांभळे तंतू खुडून वाळवतात, मिठाबरोबर कुटून पाण्यात भिजवतात आणि ते गाळलेलं पाणी कोमट दुधात घालतात. त्यातली विकरं, म्हणजे पदार्थ तोडणारी प्रथिनं, दुधातल्या प्रथिनाला नेमक्या जागी कापतात आणि दूध दह्यासारखं धरतं.

पोर्तुगालचं सेरा दा एस्त्रेला आणि स्पेनचं तोर्ता देल कासार ही दोन प्रसिद्ध चीज अशीच होतात, दोन्ही मेंढीच्या दुधाची. गाईच्या दुधात ही विकरं गरजेपेक्षा जास्त तोडफोड करतात आणि चीज कडवट होऊ शकतं, म्हणून मेंढी आणि शेळीच्या दुधाशीच त्यांचं जास्त जमतं. ही दोन्ही चीज पिकल्यावर आतून एवढी पातळ होतात की वरचं कवच कापून चमच्यानं खातात.

लिव्हरला चांगलं, वजन उतरतं, कोलेस्टेरॉल जातं, हे खरं का?

भाजी म्हणून चांगली आहे, यात वाद नाही. १०० ग्रॅम कच्च्या आर्टिचोकमध्ये साधारण ४७ कॅलरी, ३.३ ग्रॅम प्रथिनं आणि ५.४ ग्रॅम तंतू, म्हणजे ज्याला आपण फायबर म्हणतो ते. झाड आपली साखर इन्युलिन नावाच्या रूपात साठवतं, ते आपल्या आतड्यात पचत नाही, पुढे मोठ्या आतड्यातल्या चांगल्या जंतूंचं खाद्य होतं. पण तिथे ते आंबतं, गॅस होतो, त्यामुळे ज्यांचं पोट आधीच फुगतं त्यांनी पहिल्याच दिवशी ताटभर खाऊ नये.

कॅप्सूलचं वेगळं आहे. त्या बहुतेक पानांच्या अर्काच्या असतात, आपण खातो त्या कळीच्या नाही. पानांच्या अर्कानं कोलेस्टेरॉल थोडंसं उतरल्याचं काही लहान चाचण्यांत दिसलंय, एवढंच हातात आहे, डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करावी इतकं नक्कीच नाही. 'लिव्हर साफ करतं' याला तर अर्थच नाही, लिव्हर म्हणजे नळातली गाळणी नाही काढून धुवायला. लिव्हरच्या औषधांत ज्या काटेरी झाडाचं नाव येतं ते बहुतेक वेळा मिल्क थिसल असतं, ते वेगळं झाड आहे, जाहिरातवाले दोन्ही एकत्र करून टाकतात.

पित्ताशयात खडे असतील तर पानांचा अर्क घेऊच नका डॉक्टरांना विचारल्याशिवाय, कारण तो पित्त वाढवतो आणि खडा वाटेत अडकू शकतो. दुसरं, गाजर गवतानं ज्यांच्या अंगावर पुरळ येतं, खाज सुटते त्यांनी जपून. आपल्या ग्रामीण भागात अशी माणसं कमी नाहीत. गाजर गवत याच घराण्यातलं, आणि त्याची अॅलर्जी ज्या जातीच्या रसायनानं होते त्याच जातीचं रसायन आर्टिचोकचा कडूपणा आहे, एकाची अॅलर्जी असेल तर दुसऱ्याचीही होऊ शकते.

आपल्याकडचं कुठलंही काटेरी झाड मग खाता येईल?

नाही. व्हिडिओ बघून बांधावरचं काटेरी झाड कापून आणायचं वेड कृपा करून करू नका. आपल्या पडीक रानात, रस्त्याच्या कडेला पिवळा धोत्रा असतो, पानांवर पांढऱ्या शिरा, कडेला काटे, फूल पिवळं, लांबून बघितलं तर या झाडांसारखाच वाटतो. पण तो खसखशीच्या घराण्यातला आणि विषारी आहे. त्याचं बी मोहरीसारखं दिसतं, तेलात मिसळलं गेलं की पाय सुजतात, हृदयावर परिणाम होतो, १९९८ साली दिल्लीत अशाच भेसळीच्या तेलानं माणसं मेली. ओळखायची साधी खूण म्हणजे फांदी मोडली की पिवळा चीक येतो.

नाशिकला लावलं तर?

झाड येईल. कळी धरेल का, हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर थंडीत आहे. या झाडाला कळी धरायचा इशारा थंडीतून मिळतो, जातीप्रमाणे काही शे तास १० अंशांच्या खाली जावे लागतात. निफाडकडे काही हिवाळ्यांत पारा पाचच्या खाली जातो, रात्री द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, तिथे हे जमण्यासारखं आहे. पण डिसेंबर-जानेवारीची ती थंडी गेली की मार्चपासून ऊन चढतं आणि उन्हात छद लवकर उघडतात, धागा वाढतो, कळी विकण्यालायक राहत नाही. म्हणजे हातात खिडकी लहान आहे, ऑगस्टमध्ये ट्रेमध्ये रोपं, पावसाचा जोर ओसरल्यावर लागण, आणि कळ्या उन्हाळा तापायच्या आत काढून मोकळं व्हायचं.

थंडी कमी पडली तर परदेशात जीए, म्हणजे जिबरेलिक आम्ल हे वाढीचं संजीवक, फवारतात. हो, तेच जीए, जे आपला द्राक्षवाला मण्यांसाठी वापरतो. कळी धरायला ते मदत करतं, पण द्राक्षाचं प्रमाण इकडे लावू नका, जास्त झालं तर कळ्या लांबट आणि विरळ होतात. बियाणं घेताना एकाच हंगामात कळी देणाऱ्या जातीचं घ्या, इम्पिरियल स्टार ही त्यासाठीच तयार केलेली आहे. जुन्या जाती बियांतून लावल्या तर बरीच रोपं रानटी पूर्वजांवर जातात, काटेरी निघतात, म्हणून त्या फुटव्यांपासूनच लावतात.

काळ्या जमिनीत गादीवाफा आणि ड्रिप पाहिजेच. पाणी भरपूर लागतं पण साचलं की गड्डा कुजतो, त्यामुळे इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात हे झाड वर्षभर ठेवायचा विचार सोडा. रोपात रोप मीटरभर तरी ठेवावं लागतं, म्हणजे एकरात झाडं कमी बसतात, हे हिशेब मांडताना विसरलं जातं.

आणि विकणार कुठे? पंचवटीच्या मार्केटला याचा लिलाव होत नाही. घेणारे म्हणजे मुंबई-पुण्याची हॉटेलं, नाशिकची मोजकी किचन, म्हणजे गिऱ्हाईक चार-पाच आणि भाव त्यांचा. या पिकाचा इतिहासही तेच सांगतो. अमेरिकेत जवळजवळ सगळं आर्टिचोक कॅलिफोर्नियात पिकतं, तिथून न्यूयॉर्कला जाणारा माल १९३० च्या दशकात सिरो तेरानोव्हा नावाच्या गुंडानं आपल्या मुठीत घेतला होता, शेतकऱ्याला कमी आणि गिऱ्हाइकाला जास्त भाव. शेवटी १९३५ च्या डिसेंबरमध्ये महापौर ला गार्डिया यांनी न्यूयॉर्कमध्ये आर्टिचोकच्या विक्रीवरच काही दिवस बंदी घातली होती. कांद्याच्या भावाला तोंड दिलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. एकरभर टाकायच्या आधी दहा-वीस झाडं लावा, एक हिवाळा बघा, आणि कळ्या घेऊन शेफला भेटून या, तो किती घेईल आणि कधी घेईल हे तोंडानं ठरल्याशिवाय बियाण्यावर खर्च करू नका.

जी कळी तोडायची राहील ती उमलून वाळली तर बियांना म्हातारीसारखे केस येतात आणि वाऱ्यावर उडतात, तेव्हा त्याआधीच कापून टाका. रानटी कार्डून युरोपातून अर्जेंटिना-उरुग्वेकडे गेलं आणि १८३३ च्या सुमाराला डार्विन तिथल्या मैदानांतून फिरत होता तेव्हा मैलोन् मैल जमीन त्याच्या काट्यांनी भरली होती, माणूस आणि घोडा आत शिरू शकत नव्हता.